लिलीताईंच्या घरची सहभागिता

लिली उजागरे पन्नाशीला आली तरी चर्चच्या मंडळीत तिला 'उजागरेबाईंची लिली' म्हणूनच ओळखत. उजागरेबाई म्हणजे तिची आई. ती देवाघरी गेल्याला दीड वर्ष झालं होतं, पण लोकांच्या तोंडी बसलेलं नाव काही सुटत नव्हतं. लिलीला ते खटकत नसे. आपण अजून कुणाच्या तरी आहोत, एवढं तरी त्यातून कळत होतं.

वडील नगरकडून अंबरनाथला कारखान्यात नोकरीला आले, आणि लिली कॉलेजात जायच्या आधीच हृदयविकाराने गेले. मग लिली नोकरीला लागली. धाकटा भाऊ शिकला, नाशिकला गेला, तिथलाच झाला. लिली मात्र अंबरनाथच्या एमआयडीसीत पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कंपनीत डिस्पॅचचं काम बघत राहिली. मधल्या काळात स्थळं आली होती. एक तिला आवडलं नाही. एकाला ती आवडली, पण आईला बरोबर आणायचं नाही अशी त्यांची अट होती. नंतर आईला अर्धांगवायूचा झटका आला, आणि बदलापूरला कात्रपमधल्या वन बीएचकेमध्ये दोघींची वर्षं औषधं, मालिश, चादरी बदलणं यांत निघून गेली. लिलीला नकार असा कुणी दिला नाही. लोकांनी विचारायचंच सोडून दिलं.

आई होती तोवर घरी गेल्यावर करायला काही ना काही असायचं. आता लिली कुलूप उघडायची, दिवा लावायची आणि बाहेरच्या खोलीत तशीच उभी राहायची. टीव्ही लावायची, बंद करायची. पुसलेला ओटा परत पुसायची. फ्रिजमध्ये कोथिंबिरीची जुडी असताना पुन्हा चप्पल घालून कोथिंबीर आणायला खाली उतरायची. भाजीवाल्याच्याही ते लक्षात आलं होतं. तो काही न विचारता कधी कढीपत्ता, कधी लिंबं पिशवीत टाकायचा. शनिवार सगळ्यात वाईट. अर्धा दिवस सुट्टी, आणि रविवारची उपासना यायला अख्खी संध्याकाळ बाकी.

मंडळी अंबरनाथला भाड्याच्या हॉलमध्ये भरे. तिथल्या महिला मंडळात लिली मुलीसारखी वाढली होती आणि आता मुलगीही नव्हती, बाईही नव्हती, अशी कुठेतरी मध्येच अडकली होती. प्रार्थनेच्या विनंत्या सांगायची वेळ आली की कुणी नवऱ्याच्या बढतीसाठी सांगायचं, कुणी मुलाच्या दहावीसाठी. मग कुणीतरी आपणहून म्हणायचं, 'आणि आपल्या अविवाहित भगिनींसाठी, की प्रभूने त्यांचाही विचार करावा.' सगळ्या डोळे मिटून 'आमेन' म्हणायच्या. लिलीच्या शेजारी बसलेली प्रीती, तीही बिनलग्नाचीच, तेवढ्या वेळात ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची. एकट्या बायकांना वेळ भरपूर असतो, हे मंडळीचं पक्कं मत होतं. त्यामुळे संडे स्कूल त्यांच्याकडे, नाताळची सजावट त्यांच्याकडे आणि चहाचे कप विसळायचे तेही त्यांच्याकडे.

फेब्रुवारीत पाळकीणबाईंनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंच्या पत्नीने, मंडळात विषय काढला. अविवाहित भगिनींसाठी महिन्यातून एक संध्याकाळ सहभागितेची, एकत्र जमायची, ठेवू या. गीतं, बायबलचं वचन, थोडं जेवण, मोकळ्या गप्पा. पण हॉल शनिवारी मिळत नाही, तर घर कोण देईल? सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. लिलीला नंतर कितीही आठवलं तरी उत्तर सापडलं नाही की तिने हात वर का केला. हात वर गेला हे मात्र सगळ्यांनी पाहिलं.

"बघ, प्रभूनेच सुचवलं तुला," पाळकीणबाई म्हणाल्या.

पाळकीणबाईंचं मन चांगलं होतं, याबद्दल लिलीला शंका नव्हती. आई दवाखान्यात होती तेव्हा त्या डबा घेऊन रोज येत. आईचे पाय चेपत बसत. त्यांच्या चांगुलपणाचा एक दोष होता. दुसऱ्याचं भलं कशात आहे ते त्यांना आधीच माहीत असे, आणि विचारायची गरज वाटत नसे.

त्या दिवसापासून लिलीला एक नवीन बेचैनी लागली. आईची खाट होती त्या जागी सतरंजी घालावी की खुर्च्या मांडाव्यात? खुर्च्या कुणाकडून मागायच्या? चार बायका गाणी म्हणायला लागल्या तर सोसायटीत कुणी काही म्हणेल का? सेक्रेटरी शंकरराव खालीच राहत. लिलीने आपणहून जाऊन त्यांना सांगितलं की शनिवारी मैत्रिणी येणार आहेत, थोडी प्रार्थना, थोडं जेवण. शंकररावांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले की आवाज फार वर जाऊ देऊ नका, आणि खुर्च्या लागतील तर आमच्याकडच्या घेऊन जा. तिने एवढी तयारी करून नेलेली उत्तरं सगळी वाया गेली. 

बोलवायचं कुणाला, हा पुढचा प्रश्न. प्रीती येणारच. ती उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये भाऊ-वहिनीकडे राहायची, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. वय अडतीस, बोलणं कमी, आणि हसली की तोंडावर हात. दुसरी स्वप्नाली, बदलापुरातल्याच मांजर्लीची, बालवाडीत शिकवणारी, सत्ताविशीची, आईबरोबर राहणारी. तिला सगळ्याची घाई होती. चहासुद्धा ती पळत असल्यासारखा प्यायची. आणखी एक-दोघींनी बघते म्हणून सांगितलं होतं.

राहिली गोदू. गोदू बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यावरची, साठीची, बदलापुरात दोन घरी स्वयंपाकाला यायची आणि मंडळीत मागच्या रांगेत बसायची. तिचा नवरा कोंडाजी तरुणपणीच दुसऱ्या बाईबरोबर सुरतेकडे निघून गेला होता. तो आहे की गेला, कुणालाच ठाऊक नव्हतं. पाळकीणबाईंनी 'अविवाहित' म्हटलं होतं. लिली गोदूला बोलवावं की नाही या विचारात असताना गोदूनेच तिला उपासनेनंतर गाठलं.

"मी कशात मोडते गं बाय?" तिने विचारलं. "नवरा मेला असं बी नाय, हाय असं बी नाय. तुझ्याकडं यायचं का मी?"

लिलीने काही विचार न करता सांगितलं, ये. आणि येताना तुझ्या हातची चटणी घेऊन ये.

शनिवार उजाडला तो पाण्याशिवाय. पाइपलाइनच्या कामामुळे पाणी उद्याच येणार, असं सोसायटीच्या ग्रुपवर आलं. लिलीने पिंप भरून ठेवलं होतं म्हणून निभावलं. दुपारी दोनपासून ती ओट्याशी होती. चिकनचा रस्सा, भात, शेवयांची खीर. मीठ घातलं की नाही हे आठवेना म्हणून चव बघायची, मग खीर चाखायची, मग जिभेला काही कळेना. मधेच जाऊन खुर्च्या भिंतीला लावायची, पुन्हा गोल करायची. हे सगळं चाललेलं असताना फोन वाजला. पाळकीणबाई सांगत होत्या की संदेशासाठी एक भाऊ आणते आहे, वाघचौरे म्हणून, कल्याणच्या मंडळीतले. फार गोड गातात, कीबोर्डही आणतील, आणि त्यांची बहीणही सोबत येईल.

लिली म्हणाली की ही तर बायकांची संध्याकाळ आहे ना. पाळकीणबाई म्हणाल्या, अगं, वचन सांगायला कुणीतरी हवंच की. आणि फोन ठेवला.

सहाच्या सुमारास बायका यायला लागल्या. प्रीती निळा पंजाबी ड्रेस घालून आली होती आणि दारातच म्हणाली की वहिनीने आज हा घाल म्हणून फार हट्ट धरला, का कोण जाणे. गोदू चटणीचा डबा आणि पाड्यावरचे तांदूळ घेऊन आली. स्वप्नालीने आल्या आल्या पंखा वाढवला, खिडकी उघडली, एक खुर्ची हलवली. बघते म्हणालेल्या दोघींपैकी कुणी आलंच नाही. आणि थोड्या वेळाने पाळकीणबाईंबरोबर महेंद्र वाघचौरे आले, मागे त्यांची बहीण किर्ती.

महेंद्र बावन्न-त्रेपन्नचे असतील. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कडेला पिकलेले केस, आवाज हळू. त्यांनी बूट बाहेर नीट जोडीने ठेवले, 'जय ख्रिस्त' म्हणाले आणि भिंतीवरच्या आईच्या फोटोसमोर थोडा वेळ उभे राहिले. तुमच्यासारखाच चेहरा आहे, असं लिलीला म्हणाले. किर्ती मात्र बसायचं नाव घेईना. घरात फिरून बघत होती. तुम्ही इथे किती वर्षं, मूळ गाव कुठलं, भाऊ काय करतात, घरात अजून कोण असतं, असं एकेक विचारत होती. लिली उत्तरं देत होती आणि देता देता तिच्या डोक्यात हळूहळू काहीतरी जुळत होतं. बहिणीला घेऊन आलेला माणूस. पाळकीणबाईंनी ओझरतं सांगितलं होतं की वाघचौरेंची पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली. मूळ गावाची चौकशी.

तिचे कान तापले. ती पाणी आणायला आत गेली आणि पेले ट्रेमध्ये ठेवून नुसतीच उभी राहिली. हे असं, न सांगता, माझ्याच घरात? राग आला, आणि रागाच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, त्याचं नाव घ्यायची तिला लाज वाटली. बाहेर पाणी दिलं तेव्हा महेंद्र म्हणाले, "तुम्हीही बसा ना. कधीच्या उभ्या आहात."

किती वर्षांनी तिला कुणा पुरुषाने बस म्हटलं होतं. ती बसली नाही. ती आतल्या खोलीत गेली, दार लोटलं आणि आईची बदामी साडी कपाटातून काढली. अंगावरच्या साडीवर रश्शाचा थेंब पडला होता, ते खरंच होतं. पण तो थेंब दुपारपासून तिथे होता. घाईघाईने नेसताना निऱ्या तीनदा चुकल्या. केसांवरून कंगवा फिरवला. आरशात बघायचं टाळलं आणि तरी बघितलं.

ती स्वयंपाकघरात रस्सा गरम करायला गेली तर मागोमाग किर्ती आली. मदत करते म्हणाली, झाकण उचलून वास घेतला, छान झालंय म्हणाली. मग दाराकडे नजर टाकून हळूच विचारलं, "निळ्या ड्रेसातली ती प्रीतीच ना? पाळकीणबाई म्हणाल्या, तुम्हाला सगळं माहीत आहे म्हणून. तिचे दादा-वहिनीही तयार आहेत. ती बोलते की नाही, काहीच बोलली नाही अजून."

लिलीच्या हातात डाव होता. तो तिने पातेल्यात ठेवला. तोंडाने काय बोलली ते तिला आठवत नाही. बहुधा हो, तीच प्रीती, असं काहीतरी. अंगावरच्या साडीचा काठ एकदम अंगाला टोचायला लागला. तेवढ्यात पाळकीणबाई आत डोकावल्या, लिलीच्या साडीकडे बघून म्हणाल्या की बरं केलंस, नीट दिसतेयस. लिलीने त्यांना बाजूला घेऊन एवढंच विचारलं की मला आधी का नाही सांगितलं.

"सांगितलं असतं तर तू तिला सांगितलं असतंस, आणि ती आलीच नसती," पाळकीणबाई म्हणाल्या. "तिचं वय निघून चाललंय लिली. तुझं काय, तुझं आता सेवेत छान चाललंय."

बाहेर कीबोर्ड सुरू झाला. महेंद्र खरंच चांगलं गात होते. गोदू डोळे मिटून डोलत होती. गाणं संपल्यावर पाळकीणबाईंनी सुचवलं की आता प्रीतीने साक्ष द्यावी. आपल्याविषयी, घराविषयी, कामाविषयी चार शब्द सांगावेत. प्रीतीने आधी पाळकीणबाईंकडे पाहिलं, मग किर्तीकडे, मग स्वतःच्या निळ्या ड्रेसकडे. लिली दारात उभी होती. प्रीतीला सगळं कळलं तो क्षण तिने डोळ्यांनी पाहिला. प्रीती उठली, पाणी पिऊन येते म्हणाली आणि स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत कठड्याला धरून उभी राहिली. ओढणीने ती डोळे पुसत होती.

"मला घरी जायचंय," ती म्हणाली. "पण घरीच तर ठरलंय ना हे. लिलीताई, तुम्हाला माहीत होतं?"

"आत्ता कळलं. पाच मिनिटांपूर्वी."

प्रीतीने तिच्याकडे वळून पाहिलं आणि साडीवरून नजर फिरवली.

लिली पुढे खूपदा विचार करणार होती की त्यानंतर तिने जे केलं ते कुणासाठी केलं. प्रीतीसाठी केलं असतं तर मन शांत व्हायला हवं होतं. ती बाहेर आली, हात पुसले आणि सगळ्यांसमोर, आवाज न चढवता, पाळकीणबाईंना म्हणाली, "आजची संध्याकाळ बहिणींची आहे. तुम्हीच मंडळात तसं सांगितलं होतं. महेंद्रभाऊ आणि किर्तीताई माझ्या घरी पाहुणे म्हणून आले आहेत, तर मी त्यांना आधी जेवायला वाढते. ते जेवून निघतील. मग आम्ही बसू."

  पाळकीणबाईंचा चेहरा उतरला, मग लाल झाला. त्या म्हणाल्या की लिली, असं पाहुण्यांना बोलतात का. पण शब्द निघून गेले होते, आता लिलीला ते परत घेता येत नव्हते.

बोलले ते महेंद्रच. त्यांनी कीबोर्डची वायर काढून गुंडाळायला घेतली. "मला सांगितलं होतं की मुलीला कल्पना आहे," ते म्हणाले. "नसेल, तर माझं इथे बसणं बरोबर नाही. माफ करा." किर्ती काहीतरी पुटपुटली, पण त्यांनी तिला हातानेच थांबवलं. जेवायलाही ते थांबले नाहीत. लिलीने डबा भरून देते म्हटलं, त्यालाही नको म्हणाले. स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून, आत न जाता, त्यांनी प्रीतीची माफी मागितली आणि जोडीने ठेवलेले बूट घालून जिना उतरून गेले. पाळकीणबाई त्यांच्याबरोबरच गेल्या. जाताना त्यांनी लिलीकडे पाहिलं नाही.

मग चौघी उरल्या. सहभागिता म्हणावी असं त्यानंतर फारसं काही झालं नाही. स्वप्नालीने एक गाणं सुरू केलं, तिच्या सवयीने इतक्या घाईत की कुणाला साथ देता येईना, आणि ते मधेच सुटलं. प्रार्थना करू म्हणाल्या तर कुणालाच पहिला शब्द सुचेना. शेवटी गोदू म्हणाली की आधी जेवू, मग देवाशी बोलू, तो काय पळून जात नाय. सगळ्या सतरंजीवर बसून जेवल्या. रश्शात मीठ जास्त पडलं होतं.  सगळ्यांनी भात जास्त घेतला.

जेवताना हळूहळू तोंडं उघडली. स्वप्नाली म्हणाली की घरी आई रोज कुणाचा ना कुणाचा फोटो मोबाइलवर दाखवते, आणि तिला कळत नाही की तिला लग्न नको आहे की नुसते ते फोटो नको आहेत. प्रीती म्हणाली की भावाच्या घरी ती हॉलमध्ये झोपते त्यामुळे घरातला शेवटचा माणूस झोपेपर्यंत तिला आडवं होता येत नाही. वहिनी वाईट नाही, पण घर तिचं आहे. गोदू ऐकत राहिली. लोकांनी दुसरं लग्न कर म्हणून किती सांगितलं, ते तिने थोडक्यात सांगितलं. कोंडाजी परत येईल म्हणून ती थांबली असं सगळे समजतात. "तसं काय नाय," ती म्हणाली. "मला मोकळं बरं वाटलं. पन ते कुनाला सांगायचं?"

लिलीला बोलायचं होतं.  पण ती उठली आणि ताटं गोळा करायला लागली.

पुढचे काही रविवार अवघड गेले. पाळकीणबाई तिच्याशी 'जय ख्रिस्त'पुरतं बोलत. मंडळात कुणीतरी म्हणालं की उजागरेबाई असत्या तर असं झालं नसतं. लिली घरी येऊन खुर्च्या मोजायची, मग आठवायचं की त्या शंकररावांना परत केल्या आहेत. आपण प्रीतीला वाचवलं की तिचं एक चांगलं स्थळ घालवलं? माणूस तर भला वाटला. त्याने माझ्यासाठी येऊन बसावं असं मला वाटलं, आणि तो तिच्यासाठी आला म्हणून मी त्याला घालवून दिलं, असंही असू शकेल ना? ती कंपनीत खोके मोजताना चुकायला लागली. तिच्या हाताखालच्या कैलासने एकदा ताई बरं नाही का म्हणून विचारलं, तर तिने त्याला उगाचच झापलं आणि मग चहा पाजला.

एप्रिलमध्ये एका शनिवारी प्रीती न कळवता आली. आत येऊन बसली, पाणी प्यायली आणि सांगितलं की ती महेंद्रना भेटून आली. त्यांचा नंबर तिने स्वतःच पाळकीणबाईंकडून घेतला होता. उल्हासनगरला एका हॉटेलात दोघं चहा प्यायली. ते मोकळेपणाने बोलले. मुलगी हैदराबादला आहे, घर रिकामं वाटतं, बायकोची अजून आठवण येते, असं सगळं सांगितलं.

"चांगले आहेत," प्रीती म्हणाली. "मी नाही म्हटलं. हॉलमधून सुटायला म्हणून लग्न केलं, असं मला पुढे वाटत राहिलं असतं. ते म्हणाले, बरं झालं समोर येऊन सांगितलंत."

लिलीला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची लगेच लाज वाटली. आता नाही सांगितलं तर कधीच सांगता येणार नाही, हे तिला कळलं.

"त्या दिवशी मला वाटलं होतं," ती म्हणाली, "की ते माझ्यासाठी आलेत."

प्रीतीने पेला खाली ठेवला. "मला माहीत आहे. तुम्ही साडी बदलून आलात तेव्हाच कळलं." मग ती म्हणाली, "म्हणूनच मला जास्त रडू आलं."

 खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. लिलीने विचारलं की मग तू मला त्या दिवशी काही बोलली का नाहीस. प्रीती म्हणाली की तुम्ही त्यांना जायला सांगितलंत तेव्हा तुमचा आवाज कापत होता. तुमच्या मनात काय होतं कुणास ठाऊक, पण दार तर तुम्हीच उघडलंत ना माझ्यासाठी. मग तिने लिलीचा हात हातात घेतला. लिली आईच्या आजारपणानंतर पहिल्यांदाच कुणासमोर रडली, तोंड न लपवता, नाक ओढत, अगदी पोरीसारखी.

संध्याकाळी प्रीती जायला निघाली तेव्हा लिलीने तिला थांब म्हटलं. आतली खोली रिकामीच असते, शनिवारी इथेच झोपत जा, रविवारी दोघी मिळून उपासनेला जाऊ. प्रीतीने घरी फोन केला. वहिनीचा आवाज फोनमधून इकडे ऐकू येत होता, पण प्रीतीने शांतपणे 'उद्या येते' म्हणून फोन बंद केला. नऊ वाजताच ती दिवा घालवून झोपली.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बायका येत राहिल्या. कधी चौघी, कधी सहा. प्रार्थना कधी व्हायची, कधी नुसत्याच गप्पा होत. मे महिन्यात पाळकीणबाईंनी उपासनेत पुढच्या संध्याकाळची सूचना वाचली, तेव्हा 'अविवाहित' हा शब्द गाळून नुसतं 'भगिनींसाठी' म्हटलं. लिलीशी त्या बाबतीत त्या कधीच काही बोलल्या नाहीत. पण एकदा चहाच्या वेळी कप विसळायला लिलीच्या शेजारी उभ्या राहिल्या, आणि आईची आठवण काढली. लिलीला त्यांचा राग पुरता गेला असं म्हणता येणार नाही. ती त्यांना कप देत राहिली.

जुलैत उल्हास नदी वर आली आणि मांजर्लीत तळमजल्यांत पाणी शिरलं. स्वप्नालीचा फोन आला तेव्हा ती आईला घेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे बसली होती. पाणी ओसरायला लागल्यावर लिली आणि प्रीती दोघी रिक्षाने गेल्या. अर्ध्या वाटेपासून चिखलातून चालत. स्वप्नाली, तिची आई सुंदराबाई आणि चार गाठोडी कात्रपला आणली. प्रीतीही मग घरी न जाता तिथेच थांबली. गोदूही दुसऱ्या दिवशी तांदूळ घेऊन हजर झाली, आणि मागे पाड्याकडचा रस्ता बंद झाल्यामुळे ती परतूच शकली नाही.

आठवडाभर त्या वन बीएचकेत पाच बायका राहिल्या. दोऱ्यांवर ओले कपडे, मोरीला रांग, सुंदराबाईंचा पहाटेपासून खोकला, गोदूचा फोडणीचा वास, आणि स्वप्नाली सगळीकडे घाईत. कुणी ना कुणी सतत बोलत असे. लिलीला एकदाही कोथिंबीर आणायला खाली जावं लागलं नाही, कुणीतरी आधीच आणलेली असायची. चौथ्या दिवशी दुपारी तिला कुणाचाच आवाज सोसेना. ती छत्री घेऊन गच्चीवर गेली आणि पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभी राहिली. थोडं शांत हवं होतं, थोडं एकटं. पावसात दूरवर डोंगर धुरकट दिसत होते.

पाच मिनिटंही झाली नसतील. खालून सुंदराबाई हाका मारत होत्या, लिलीबाई, मिठाचा डबा कुठंय, मिठाचा डबा. लिलीने 'ओट्याखाली बघा' म्हणून वरूनच ओरडून सांगितलं. खाली ते कुणाला ऐकू गेलं नाही. मग ती छत्री मिटून जिना उतरायला लागली.